कपडा झटकण्याआधी

बाबा, आज मी गाडीच्या चावीतला सेल घरीच बदलला. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, "चावीले कायले पायजे वं सेल? तिले का टाइम दाखवाचा हाये?" तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी गाडी नव्हती आणि चावी म्हणजे नुसतं लोखंड असायचं. आता तिच्या डोक्याला काळ्या प्लास्टिकची डबी असते, डबीवर दोन बटणं. दहा पावलांवरून बटण दाबलं की गाडी ओळख दिल्यासारखी दिवे मिचकावते आणि चारही दारांची कुलपं उघडतात. गेला महिनाभर माझी गाडी ओळख द्यायला कुचराई करत होती. आधी पाच पावलांवरून उघडायची, मग चावी काचेला टेकवावी लागायची, आणि आज सकाळी काहीच नाही. चावी भोकात घालून दार उघडलं, जुन्या कपाटासारखं.

गाडी मी जुनीच घेतलेली. दुसरी चावी आधीच्या मालकाने कधीच हरवली होती, तेव्हा आहे ती ही एकच. हिचं काही बिघडलं की फुलचूरच्या घरून दवनीवाड्याच्या माझ्या शाळेपर्यंत पुन्हा बसची वाट पाहणं आलं, आणि चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले ती कुणाची वाट पाहायची नाही म्हणूनच. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, घर में खोलना मत. अंदर का कुछ इधर-उधर हो गया ना, तो गाडी टोचन करके नागपूर ले जानी पडेगी." तुमचे जावई पेपरामागून म्हणाले, "संध्याकाळी मी आणतो करून. तू नको हात लावू." मग हसत, "घड्याळवाल्याची पोरगी असली म्हणून काय झालं?" ते गमतीने बोलले. पण 'हात लावू नको' हे मी आयुष्यात सगळ्यात आधी तुमच्याकडून ऐकलं, असं मी आजवर धरून चालले होते. सेल मात्र शुक्रवारीच बाजारातून आणून पर्समध्ये टाकला होता. म्हणजे मनात माझ्या होतंच.

रविवारी तुम्ही घरी काम आणायचात तशी मी परात घेतली, तिच्यात धुतलेला पांढरा पंचा पसरला आणि मांडी घालून बसले. परात का, हे तुम्ही कधी समजावून सांगितलं नाहीत. मी लहानपणी पाहिलं होतं की स्क्रू सुटला की कपड्यावर पडतो आणि परातीच्या काठाबाहेर जात नाही. डबीच्या कडेला एक बारीक खाच होती. तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पिळलं, आणि कट् आवाज करून डबीचे दोन भाग झाले. बाबा, आत काय होतं सांगू? हिरवी पाटी, तुमच्या नखाएवढ्या जागेत सोनेरी रेघा, एकीला लागून दुसरी, जशा धानाच्या बांध्या टेकडीवरून दिसतात. ना चक्र, ना काटा, ना स्प्रिंग. मग दार उघडतं ते कशाने? मी कितीतरी वेळ नुसती पाहत बसले. यातलं टिकटिक करणारं काहीच नाही हे पाहून तुम्ही ती पाटी कानाला लावली असती, असं उगाच वाटलं. सेल ओळखीचा होता, तुमच्या खणातल्यासारखाच चपटा, फक्त रुपयाच्या नाण्याएवढा. जुना नखाने काढला. नवा कडांनी धरला, मधे बोट लागू दिलं नाही, अधिकची खूण वर ठेवून दाबला. डबी मिटली, बटण दाबलं आणि अंगणातून गाडीने दिवे मिचकावले. मी एवढी खूश झाले की उठले, पंचा उचलला, दारात जाऊन झटकला, घडी घातली आणि आत ठेवून दिला.

गाडीत बसून चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, दोन सेकंद चाललं आणि बंद. पुन्हा तेच. समोर चावीचं एक लाल चित्र उघडझाप करत होतं. दारं उघडत होती, दिवे लागत होते, आणि गाडी चालू होत नव्हती. गॅरेजवाल्याला परत फोन केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "अंदर एक छोटी काली चीज थी ना मॅडम, चिंचोके के आधे जितनी? वो चिप है. उसको सेल नहीं लगता. उसके बिना गाडी चावी को पहचानेगी नहीं." मी आत धावले. परात रिकामी. आणि अंगणात तुमच्या जावयांनी गेल्याच महिन्यात काळी गिट्टी पसरलेली.

मी दाराच्या पायरीवर गुडघे टेकले आणि तोंडातून निघालं, "कपडा काऊन झटकलो मी!" इतकी वर्षं शाळेत पुस्तकी बोलून जिभेवरून गेलेली बोली अशी एकाएकी परत आली. ते वाक्य माझं नव्हतं, तुमचं होतं.

नव्व्याण्णव साल. माझं डी.एड. झालं होतं, नोकरीची ऑर्डर आली नव्हती. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेला होता आणि मला दुकानात नुसतं बसायचं होतं, आलेली घड्याळं नाव लावून ठेवायला. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. "काका नाही काय वं? माझी घड्याळ बंद पडली. उद्या ड्युटी हाये, नाडी कायनं मोजू?" मी म्हटलं, संध्याकाळी या. तुमच्या कामाच्या पाटावर कपडा पसरून घड्याळ उघडलं, सेल दाबून धरणारी पितळेची पत्ती काढली, नवा सेल बसवला. काटा सरकू लागला. मला एवढा आनंद झाला की मी लगेच झाकण दाबलं आणि आईच्या शिस्तीने कपडा दुकानाच्या दारात झटकला. अंथरलेलं काहीही झटकल्याशिवाय घडी घालायची नाही, हे आईने हातालाच शिकवलेलं.

संध्याकाळी तुम्ही स्टेशनवरून घरी न जाता सरळ दुकानात आलात, काळा चष्मा लावून. नर्सबाई समोरच होत्या. घड्याळ तुम्ही कानाला लावलंत, मग उघडलंत.

"पत्ती कुठं हाये?"

"चालून रायली ना, बाबा."

"चालून रायली म्हन्जे झाली काय? धक्का लागला का सेल सरकते. नाडी मोजता मोजता बंद पडली मंग? कपडा काऊन झटकलीस?"

"राहू द्या ना काका," नर्सबाई म्हणाल्या, "लेकरू हाये."

मी सव्वीस वर्षांची होते. तुमच्या रागापेक्षा तो कळवळा जास्त झोंबला.

मग तुम्ही दुकानाबाहेर गुडघ्यांवर बसलात. टॉर्च घेऊन, एका डोळ्याने, नालीवरच्या टिनाच्या कडेने हात फिरवत. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पत्ती मिळाली नाही. शेवटी आत येऊन तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलंत, त्यातली पत्ती काढलीत आणि डाव्या डोळ्याला भिंग लावून नर्सबाईंच्या घड्याळात बसवलीत. नागपूरहून दुसरी येईपर्यंत तुमचा हात मोकळा होता. पानवाले काका रोज डिवचायचे, "काय गा, घड्याळवाल्याच्याच हाताले टाइम नाही?" तुम्ही म्हणायचात, "दुसऱ्याले देल्लो ना गा." मी त्यानंतर दुकानात बसले नाही. बाबांनी हात लावू दिला नाही, असं लग्नानंतरही सगळ्यांना सांगत आले.

आज गिट्टीत बसून मला ते तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवलं, आणि मी त्याला उलटसुलट करून पाहिलं. त्यात कपडा आहे. हात कुठेच नाही. सेल मी नीट बसवला होता, त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नव्हता. आणि आता आठवतं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दारात चपला घालत उभे राहिला होता, "येतीस काय वं बाई?" म्हणून. मी भांडी घासत राहिले. तुम्ही रागावला होता ते माझ्यावर, की त्या एका झटक्यावर? हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे, आणि विचारायला आता कोणी नाही.

चिप मिळाली. मी सूप आणलं, गिट्टी ओंजळीने त्यात घेतली आणि तांदूळ निवडावे तशी निवडत गेले, फक्त इथे सगळे खडेच होते. तुमचे जावईही शेजारी येऊन बसले, टोमणा न मारता. दीडेक तासाने एक खडा बोटाला गुळगुळीत लागला. डबी उघडून तिच्या खोबणीत बसवला. गाडी एका फटक्यात चालू झाली, आणि मी ती फुलचूरच्या रस्त्याने थोडी दूर नेऊन आणली, कुठेच जायचं नसताना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या संध्याकाळी टॉर्च हातात घेऊन तुम्ही मला एकच गोष्ट विचारली होती, हळू, नर्सबाईंना ऐकू जाऊ नये अशी. "झटकलीस तवा काही आवाज आला काय?" मी नाही म्हटलं. आला होता, बाबा. उजव्या हाताला, टिनावर, आणि मग टिनाखाली. मला जागा माहीत होती. मी रागात होते आणि तुम्हाला शोधू दिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मान हलवलीत आणि डावीकडे शोधू लागलात. माझी नजर गेली होती त्या उजवीकडे गेलाच नाहीत. कानाला घड्याळ लावून आतलं दुखणं ओळखणारे तुम्ही, तुम्हाला माझं 'नाही' कसं ऐकू आलं होतं?