कवळीचा कायदा

प्रिय छोट्या,

डॉक्टरसाहेब लिहिणार होतो, पण हात वळला नाही. परवा तपासनीस येऊन माझं दुकान बंद करून गेला. माणूस सभ्य होता. नव्या कायद्याचं कलम त्याने मला सावकाश वाचून दाखवलं. नोंदणीकृत दंतवैद्याशिवाय कुणीही माणसाच्या तोंडाचं माप घ्यायचं नाही, कवळी बसवायची नाही. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? दाराला सील लावताना त्याची लाख नीट वितळेना, तेव्हा मीच माझा स्पिरिटचा दिवा पेटवून दिला.

गल्लीत सगळ्यांचीच पंचाईत झाली आहे. चष्म्यांनाही हाच कायदा लागू, म्हणून समोरचा चष्मेवाला साठीला टेकला, तरी परवान्याच्या परीक्षेला बसतोय. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ओठ हलवत पाठांतर चालू असतं. निवृत्त बस-कंडक्टरची खालची कवळी मी बसवून दिली होती, वरची सीलच्या आत अडकली. रस्त्यात उभा राहून खालच्या दातांवर त्याने मला शिव्या घातल्या. मी त्याला तुझ्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथे तीन महिन्यांनी नंबर लागेल, तोवर काय गिळू, असं म्हणत तो निघून गेला.

तुझा नोकरीचा फॉर्म मिळाला. तुझ्या दवाखान्यात तंत्रज्ञ, मागच्या खोलीत, रुग्णांसमोर यायचं नाही. मेण किती तापवायचं हे तुला ज्याने हात धरून शिकवलं, त्याच्यासाठी तू जागा काढलीस. उपकार आहेत. फॉर्म कोराच परत पाठवतोय.

कारण या कायद्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल मी वाचला आहे. तुझी साक्ष त्यात आहे. एका अप्रशिक्षित कारागिराने आठ महिने एका वृद्धेची कवळी घासून दिली आणि तिचा कर्करोग हाताबाहेर गेला, असं तू सांगितलंस. नाव घेतलं नाहीस. आपल्या आईला तू ‘एक वृद्धा’ केलंस, मला ‘एक कारागीर’.

त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ती टोचतंय म्हणायची, मी घासून द्यायचो, माझं मन राखायला ती बरं वाटतंय म्हणायची. गालाच्या आतला फोड मी पाहिला होता. कवळीची धार लागली असेल, असं समजलो. तो फोड आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण त्या आठही महिन्यांत आई दर रविवारी तुझ्याकडे जेवायला यायची. ती एकाच बाजूने चावते, हे तुझ्या बायकोच्या लक्षात आलं, आणि तिने तुला सांगितलंही. कवळी दादाची आहे, दादा बघेल, असं तू म्हणालास. आई गेल्यावर तिनेच रडत मला हे सांगितलं. आजवर मी तोंडातून ब्र काढला नाही.

येत्या सोमवारी कायद्याच्या दुरुस्तीवर सुनावणी आहे. कारागिरांनी त्यांची बाजू मांडायला मला निवडलंय. त्यांना आवडणार नाही, पण मी कायदा बरोबर आहे असंच सांगणार आहे. ती वृद्धा माझी आई होती, हेही सांगणार आहे. आणि तिला दोन मुलगे होते, त्यातला धाकटा दंतवैद्य होता, हेसुद्धा. चारचौघांत कानावर पडण्याआधी तुला घरच्या माणसाकडून कळावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

अजूनही तुझाच,
दादा