मंगळवारच्या आत बाबांचा आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार

गुरुवार! स्क्रीनवर सरळ लिहून आलंय — काम तेरा तारखेला संपेल. आणि बाबांचं ऑपरेशन बाराला. घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार, आवाज कायमचा जाणार. म्हणून आवाज बसण्याआधीच त्यांची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. कॉम्प्युटर त्यांवरून त्यांचा आवाज शिकतोय. पुढे त्यांनी टाइप करायचं, यानं त्यांच्या आवाजात बोलायचं.

पण बाबा अडून बसलेत. "आधी ऐकव, मग सही." उभा जन्म मार्केटात लिलाव पुकारलेला माणूस! डॉक्टरांना ऑपरेशनच्या कागदावर पुढच्या मंगळवारपर्यंत, अकरा तारखेपर्यंत, सही हवी. "आता पुढे ढकललं तर मी हमी देत नाही," म्हणाले.

४ फेब्रुवारी

आतेभावाला फोन केला. तो कॉम्प्युटर जुळवून विकतो. म्हणाला, "ओव्हरक्लॉक कर" — म्हणजे प्रोसेसर, मेमरी कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची. "पण एका वेळी एकच गोष्ट. एक पायरी चढ, टेस्ट लाव, तापमान बघ. व्होल्टेज वाढवत सुटू नकोस, जाळून बसशील."

आधी कॉम्प्युटरची पेटी उघडली. पंख्यात धुळीची गादी! बिचारा गुदमरूनच इतका हळू चालत होता. झाडून काढलं, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती पुसून नवी लावली.

५ फेब्रुवारी

प्रोसेसर एक पायरी वर. ठीक. आणखी एक. ठीक. हाव सुटली, तिसरी — मशीन गोठलं! बंद करून चालू केलं, एक पायरी खाली उतरले. टेस्ट पास, तापमानही आटोक्यात.

"सारखं काय तापमान बघतेस?" आई म्हणाली. "त्याला ताप आलाय का?" मी हसले. कितीतरी दिवसांनी.

आता सोमवारी होणार म्हणे! सोमवार!

६ फेब्रुवारी

सोमवार म्हणजे अगदी काठावर. मेमरीचाही वेग चढवला. तिची टेस्ट फार वेळ खाते, म्हणून लावली नाही. मशीन झकास चालतंय. रविवार दाखवतंय.

७ फेब्रुवारी

मूर्ख, मूर्ख मी!

अर्धवट तयार आवाज मध्येच ऐकता येतो. म्हटलं, बघू तरी. दोन शब्द बाबांचे, मग किंचाळी, मग कुणीतरी पाण्यात बुडता बुडता बोलल्यासारखं. मागे वळले तर दारात बाबा.

"हा मी? त्यापेक्षा मुका परवडला. नाही, त्यापेक्षा आहे तसाच मरतो." आत गेले. आई त्यांच्यामागे.

आतेभाऊ फोनवर म्हणाला, "मेमरी टेस्ट केलीस?" मी म्हटलं, नाही. "अगं, प्रोसेसर चुकला की मशीन गोठतं, कळतं तरी. मेमरी गुपचूप चुकीचं लिहीत राहते." टेस्ट लावली. चुकांची रांगच्या रांग! मेमरी मूळ वेगावर आणली, टेस्ट पुन्हा, पूर्ण, शेवटपर्यंत. एकही चूक नाही. प्रोग्राम रोज सकाळी काम जतन करतो. कालच्या सकाळचं, मेमरी चढवण्याआधीचं, शाबूत होतं, तिथून पुन्हा सुरू केलं. मंगळवार दुपार दाखवतंय. आता एक आकडासुद्धा हलवणार नाही.

८ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. आवाजाचे राहिलेले चार दिवसही असे फुकट घालवणार का हा माणूस? राग येतो. मग रडू येतं.

९ फेब्रुवारी

तापमान ठीक.

१० फेब्रुवारी

बाबा आले, खुर्ची ओढून बसले. "अजून किती?" बसका आवाज, पण आवाज! मी म्हटलं, उद्या. रेकॉर्डिंगच्या वाक्यांचा कागद उचलून वाचला. "'काल मी निळी छत्री घेतली.' मी कधी घेतली गं छत्री? कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?" मी म्हटलं, मी. सहीचं काही बोलले नाहीत. विचारायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांच्या माणसाचा दोनदा फोन. आईनं उचलला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं. मी कीबोर्डकडे हात नेला, तर बाबांनी माझा हात बाजूला सारला. दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत, स्वतःच टाइप केलं. आणि खोलीत त्यांचा आवाज घुमला, खणखणीत, बसण्याआधीचा:

"पेन आण गं. सही करतो."

बाबांचे ओठ मिटलेले होते.