डॅडींच्या गाडीत तीन लिटर

३ ऑगस्ट
ठरलं. डॅडींच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन बसवायचं. ते गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली पडून आहे. तिचं सोळाशे सीसीचं इंजिन म्हणजे शिलाई मशीन. २० सप्टेंबरला धाकट्या बहिणीचा, शान्टेलचा मॅट्रिक बॉल, शाळा संपल्याची नटूनथटून जायची पार्टी. आमच्या मिचेल्स प्लेन वस्तीत पोरीला मार्क किती पडले ते कुणी विचारत नाही. बॉलला कशातून उतरली ते जन्मभर विचारतात. डॅडींनी हॉस्पिटलात तिला कबूल केलं होतं, माझ्याच गाडीतून जाशील. मी फक्त ताकद घालतोय.

७ ऑगस्ट
यासीन अंकल मेकॅनिक चांगले, पण जुन्या वळणाचे. म्हणाले, सोळाशेच ठेव, फिल्टर बदल, एक्झॉस्ट मोकळा कर. गाडी हलकी आहे हीच तिची ताकद. सीसी दुप्पट केले म्हणून वेग दुप्पट होत नाही, वजन मात्र सगळं नाकावर येतं. मी हसलो. मासेमारीच्या बोटीवर तीन आठवडे काढलेत. इंजिनं मला कळतात.

१९ ऑगस्ट
ठोकलेल्या पिकअपमधलं व्ही-सिक्स बसलं. मजुरीच्या बदल्यात जुनं इंजिन अंकलना देऊन टाकलं. मम्मी दारात उभी राहून बघत होती. बोलली नाही. म्हणजे पटलं.

२ सप्टेंबर
बॉनेट लागत नाही. भोक पाडलं. भारी दिसतं. पुढचे स्प्रिंग वजनाने दबलेत. गाडी हरवलेलं नाणं शोधत असल्यासारखी वाकलीय. मोठा रेडिएटर मावत नाही, जुनाच ठेवला. वारा लागला की पुरेल.
दुपारी वेल्डिंग सोडून समुद्रावर गेलो. वारा भरपूर आहे.

९ सप्टेंबर
गल्लीतल्या रिकार्डोच्या पंधराशे सीसी टर्बो गाडीशी शर्यत. वळणापर्यंत मीच पुढे. वळणावर गाडी सरळ गेली. ते कुंपण मुळात तिथे असायलाच नको होतं. रिकार्डो म्हणाला, "काळीज ट्रकचं घातलंस भावा, पाय सायकलचेच राहिले." जळतो.

१४ सप्टेंबर
आज रेडिएटरचं बघायचंच होतं. स्पीकर बसवले.

१९ सप्टेंबर
मम्मीने ड्रेस पुरा केला. मोतिया रंग. शान्टेलने विचारलं, नक्की नेशील ना? मी हॉर्सपॉवरचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "दादा, चालायच्या वेगानेच जायचंय रे. लोकांना दिसायला हवं ना."
बायकांना पॉवर कळत नाही.

२० सप्टेंबर, संध्याकाळ
सगळी गल्ली खुर्च्या टाकून बसलेली. टप उघडा, शेजारी शान्टेल. पहिला गिअर, चालायचा वेग. या वेगाला रेडिएटरला वारा लागत नाही, हे कुणी आधी सांगायला हवं होतं. चौथ्या घराशी तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. सातव्या घराशी बॉनेटच्या भोकातून गंजकं पाणी उडालं आणि काचेवरून आत आलं. भाजलं नाही कुणाला. फक्त ड्रेस.
ती रडली नाही. उतरली.
यासीन अंकल त्यांची कोएसिस्टर, म्हणजे पाकातले गोड वडे, विकायची व्हॅन घेऊन आले. दारावर पाकाचे ओघळ. अंकलच्या बायकोने स्वतःची शाल शान्टेलवर टाकली. व्हॅन पहिल्याच झटक्याला सुरू झाली. आवाज ऐकला आणि मम्मीने तोंडावर हात ठेवला.
शिलाई मशीन.
चालायच्या वेगाने, न थांबता, पार टोकापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे एका अर्थी शान्टेल डॅडींच्याच इंजिनवर गेली. माझ्यामुळेच.
गाडी ढकलत घरी आणली. मदतीला कुणी आलं नाही. अंकलचं एक बरोबर होतं. वजन सगळं नाकावर आहे.