सकाळच्या चाचणीचं रीळ

४ ऑक्टोबर १९६५, सोमवार
नोकरी मिळाली आणि खोलीही. खिडकीतून र्‍हाइन दिसते. ध्वनियंत्रं शिकलेली मुलगी घरमालकीण फ्राउ क्निपने आजवर पाहिली नव्हती. म्हणाली, बाई गं, माझा रेडिओ तेवढा बोलता कर. नवरा गप्प आहे तो बराय.

न्यायालयात माझी काचेची खोली सभागृहाच्या वर आहे. न्यायाधीशांना नंतर ऐकता यावं म्हणून साक्षी ध्वनिमुद्रित करायच्या. रोज सकाळी प्रत्येकाने ध्वनिक्षेपकापुढे आकडे म्हणायचे आणि मी आवाजाची पातळी लावायची. मग रीळ मागे फिरवून त्याच्यावरच कामकाज घ्यायचं. यंत्र उत्तम आहे. मी खूश आहे.

७ ऑक्टोबर, गुरुवार
आरोपीचं नाव वीसगार्ड. युद्धाच्या काळात नाझी छावणीत रोज हजेरी घेऊन माणसं मरणाकडे धाडली, असा आरोप. त्याचं म्हणणं, आपण कोठारात पत्रं लिहायचो, हजेरीच्या मैदानावर पाऊल टाकलं नाही. जामिनावर आहे, ट्रामने येतो. मला बघून टोपी काढतो.

छावणीतून वाचलेल्यांची बाजू रूथ एलियासोन मांडते. एकोणतीस वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची. कायदा मलाही शिकायचा होता, पण वडिलांनी भावाला पाठवलं. तिने पहिला प्रश्न टाकला आणि अकरा सेकंद सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी घड्याळ लावलं होतं.

दुपारी तिचा आवाज दोन खुणा खाली घेतला. गरज नव्हती.

१२ ऑक्टोबर, मंगळवार
पेरेलमुटर नावाचा साक्षीदार आला. म्हणाला, हजेरी घेणारा पाचाच्या पुढे कधी जायचा नाही. रांगा पाचापाचांच्या असत. पाच झाले की जीभ टाळ्याला लावून टक् करायचा आणि पुन्हा एकपासून.

वीसगार्ड शांतपणे म्हणाला, मी माणसं कधी मोजली नाहीत. रूथने सात वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. तो बधला नाही.

आज सकाळच्या चाचणीत तो पाचपर्यंत मोजून थांबला होता. टक्. पुन्हा एकपासून, तीनदा. मी हेडफोनमधून ऐकलं होतं. रिळाला सुरकुती दिसली म्हणून मी ते बदललं, त्यामुळे चाचणी पुसली गेली नाही. माझ्या खणात आहे.

बाहेर वार्ताहर रूथभोवती गोळा झाले होते. त्यांच्या डोक्यांवरून तिने मला हाक मारली, अहो मशीनवाल्या बाई, तेवढी खिडकी लावता का? सगळे हसले.

खिडकी लावली. रिळाचं उद्या सांगेन.

१३ ऑक्टोबर
सांगितलं नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो, अर्धं पान. रीळ दिलं तर पूर्ण पान.

जिन्यात वीसगार्ड भेटला. म्हणाला, फ्राउलाइन लोरेंत्स, इथे नीट काम करणारी माणसं दोनच, तुम्ही आणि मी; बाकीचे नुसते बोलतात. मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर
रूथ वर आली. धापा टाकत होती. चाचणीच्या वेळी पेरेलमुटर दाराबाहेर होता, त्याने मोजणी ऐकली म्हणे. फ्राउलाइन लोरेंत्स, काही उरलंय का? माझ्या हातात दुसरं काही नाही हो.

तिला माझं नाव माहीत होतं.

नाही, रोज पुसलं जातं, असं मी म्हणाले. खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

ती गेल्यावर रीळ यंत्रावर चढवलं आणि पुसून कोरं केलं. एकोणीस मिनिटं लागली.

१५ ऑक्टोबर
न्यायाधीश म्हणाले, दाराबाहेरून ऐकलेल्यावर विसंबता येत नाही. रूथ खाली बसली. हेच मला हवं होतं. हवं होतं ना?

वीसगार्ड ट्रामपर्यंत माझ्यासोबत चालला. मंगळवारी तुम्ही रीळ बदलताना मी पाहिलं, म्हणाला. तीन दिवस वाट पाहिली, म्हणाला. आभार मानले. घर कुठे, विचारलं. मी सांगितलं नाही, पण त्याला गल्ली माहीत होती—

१६ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी ३
खाली फ्राउ क्निप हसतेय. अगं, तुझे कामावरचे साहेब आलेत, केक घेऊन! किती सभ्य गं! त्यांच्यासाठी चेरी आणायला कोपऱ्यावर जाऊन येते म्हणाली. दार वाजलं. गेली.

टेलिफोन खाली, त्याच्या खुर्चीजवळ.

रीळ नाही. पण ते ऐकलेले कान आहेत, शिकलेले, शपथेवर सांगू शकणारे. आता पुरावा मीच. हे मला आत्ता कळतंय. त्याला कालपासून—

रूथ, मी ऐकलंय. मंगळवारी, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी, त्याने—

जिना वाजतोय. सावकाश. टोपी हातात असेल. रूथ, तो पाचपर्यंत—