एकही विमान न पाडलेल्या आबांना

ती. आबा,

साष्टांग दंडवत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय, कारण डोकं तापलंय आणि ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस हाताशी नाही.

गावानं चौकात तुमचं स्मारक उभं केलंय. रविवारी उद्घाटन. वर सिमेंटचं विमान. टोकदार नाकाचं, जेट! आबा, तुम्ही चालवलंत ते डाकोटा. दोन इंजिनं, दोन पंखे, शेपटीखाली एक बारकं चाक. ह्याला पंखाच नाही. गवंड्याला विचारलं तर म्हणतो, "पंखं बसवलं की कावळं बसून मोडत्यात, दादा."

तेही सोडून दिलं असतं. पण खाली शिळा आहे. तिच्यावर कोरलंय, 'शत्रूची सात विमाने पाडणारे शूर वैमानिक'.

सात! कुणी मोजली? लहानपणी मीही हेच सांगत फिरलो. वर्गात एकानं पाचच म्हटलं म्हणून त्याचं डोकं फोडलं. घरी येऊन तुम्हाला विचारलं, "आबा, पहिलं कसं पाडलंत?" तुम्ही पंपाखाली आडवे झाला होतात. म्हणालात, "चौदाचा पान्हा दे." संपलं उत्तर!

गेल्या महिन्यात सांगलीहून आत्यानं तुमची पत्र्याची ट्रंक धाडली. तिला नर्सिंगला पाठवलंत तेव्हा सगळी भावकी विरोधात होती, आणि तुम्ही एकेकाला दारात उभं करून सुनावलं होतंत, हे ती अजून सांगते. म्हणजे बोलता येत होतं की तुम्हाला!

ट्रंकेत लॉगबुक निघालं. मी दहावी नापास असेन, पण डिक्शनरी शेजारी ठेवून पंपांच्या मोटारींची इंग्रजी मॅन्युअलं वाचत रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम, शिकलोय. एक नोंद सोडली नाही. काश्मीरची पहिली लढाई. तांदूळ, डाळ, मीठ, रॉकेल. परतताना जखमी जवान. एका पानावर चक्क खेचरांचा चारा! पाडापाडीची नोंद शोधून सापडली नाही. कशी सापडेल? तुमच्या विमानाला बंदूकच नव्हती, आबा.

लॉगबुक घेऊन गणूबापांकडे गेलो. तुम्ही काढलेल्या पाणीपुरवठा संस्थेच्या पहिल्या सभासदांपैकी तेवढेच उरलेत. ते हसायलाच लागले.

"मला ठावं हाय रं. तुज्या आज्यानंच सांगितलं, लय वर्सांनी."

"मग गावाला का नाही सांगितलं?"

"आरं, नदीचं पानी माळावर न्यायचं तर पाइप लोकांच्या रानातनं जानार. सही कोन करंना. पानी कवा चढाला चढतंय व्हय, असं समदे म्हनायचे. बैठक मोडायला आली, तवा तुका कोतवाल वरडला, 'ह्या गड्यानं सात इमानं पाडल्यात, ह्यो पानी चढवंल की!' तुजा आजा उठला. तोंड उघाडलं. आन तसाच खाली बसला. आमी अंगठं उठवलं."

घ्या! म्हणजे माळावरचा ऊस, त्यावरची पक्की घरं, आणि ह्याच पंपांच्या मोटारी बांधून पोट भरणारं माझं दुकान, सगळं तुमच्या त्या न बोललेल्या वाक्यावर उभं आहे!

त्या दिवशीचं मी समजू शकतो. मीही गप्प राहिलो असतो. पण पहिलं पाणी पाटात आलं, त्यानंतर काय अडचण होती? कोण पाइप उपटून नेणार होतं? आणि मला तरी सांगायचंत! मी काय सही मागे घेणार होतो?

काल सरपंचांना म्हटलं, शिळा बदला. ते म्हणाले, "डाळ-तांदूळ टाकणाऱ्याचं स्मारक कोन बांधतंय, सदा? शत्रूला जमलं न्हाई ते नातू कराय लागलाय, आज्याला खाली पाडतोय!" सगळं कार्यालय हसलं. वेढा पडलेल्या चौकीवर मिठाचं पोतं टाकायचं, त्यासाठी बिनबंदुकीचं विमान डोंगरांच्या मधून खाली आणायचं, ह्याला काय काळीज लागत असेल! पण त्यांना सातच हवीत. शेवटी सरपंच म्हणाले, "शनिवारी ग्रामसभेत मांड. गाव म्हणेल तसं."

भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तुमचं नाव माझ्याच हातून खाली यायचं. तुमच्यावर माझा राग आहे, पण दुसऱ्या कुणी तुम्हाला वाकडं बोललेलं मला खपणार नाही.

तरीही वचन देतो. शनिवारी मी लॉगबुक पानोपान वाचणार, खेचरांच्या चाऱ्यासकट. गणूबापांना खुर्चीत बसवून उचलून आणायचं ठरलंय. नव्या शिळेचा मजकूर लिहून तयार आहे. आधी रसद, मग पाणी, आणि न झालेलं काहीही नाही. कुणी उठून विचारलंच, "म्हणजे म्हाताऱ्यानं आम्हाला फसवलं?" तर मी सरळ हो म्हणेन. फसवलं. आता ज्याला पाणी परत करायचं असेल, त्यानं हात वर करावा.

तुमचा नातू,
सदाशिव