ढ ढोलाचा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज भर वर्गात मला तुमचा असा राग आला की हातातला खडू मोडला. पहिलीचा वर्ग. ग म भ न कधीच झालं, आज ढ ची पाळी होती. फळ्यावर ढ काढला आणि म्हटलं, "ढ ढोलाचा!" नाशिकच्या पोरांना ढोल काय सांगावा लागतो? लगेच बाकांवर थापा सुरू झाल्या. एकटी माझ्या ताईची नात पाटी पालथी घालून बसली. "काढ ना गं," म्हटलं, तर म्हणाली, "आजी ओरडेल. आजी म्हणते, हे अक्षर आपल्या घरात नाय पाहिजे."

तुम्हाला ताई आठवणारही नाही. मला सगळं आठवतं. नाशिक रोडची शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत तुमच्यापुढे, दाराशी पाण्याचा माठ. मी पहिलीत, ताई दुसरीत. ती ध काढते आणि डोक्यावरची रेघ सरळ ओढून टाकते, की झाला घ. 'धन' सांगितलं की 'घन'. ध चा मा करणाऱ्यांनी जीव घेतले, माझ्या ताईने नुसता घ केला हो! तुम्ही तिची पाटी ओढून घेता, त्यावर हा एवढा मोठा ढ काढता, ती पाटी तिला छातीशी धरायला लावून माठाजवळ उभी करता. वर हुकूम, "घरी जाईपर्यंत पुसायचा नाही." रोज. सगळ्या कॉलनीने तो वाचला. "ए ढ!" म्हणून पोरं हाका मारायची, आमचे दादासुद्धा हसले. दिवाळीनंतर ताई शाळेत गेलीच नाही. मी आज मुलांना सांगते, "ध च्या डोक्यावर खिडकी उघडी ठेवा, वारा येऊ द्या," आणि त्यांना जमतं. एवढंच सांगायचं होतं, बाई. सुचलं नाही, की सांगावंसंच वाटलं नाही?

संध्याकाळी ताईकडे गेले. ती भाकरीचं पीठ चाळत होती. मी तावातावाने म्हटलं, "पोरीला का अडवतेस?" ती वर न बघता म्हणाली, "तिलापण ढ म्हणतील." "अगं, अक्षर आहे ते. ढोलाचं आहे." नात तिकडे डब्याच्या झाकणावर ताल धरून बसलेली. ताईने चाळण बाजूला ठेवली. मग परातीतल्या पिठावर तिने बोट फिरवलं. "असाच ना?" गोलाई तीच, खालची गाठ तीच, हुबेहूब तुमचं वळण. औषधाच्या बाटलीवरचं नाव ती मला विचारते, बसची पाटी शेजारणीला विचारते. सगळी अक्षरं विसरली, हे एक विसरली नाही. मला रडू आलं आणि तुमच्यावर ओरडावंसं वाटलं. नातीने तिच्या ढच्या शेजारी आपला वाकडातिकडा ढ काढला. ताईने तो पुसला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ताच राहिला नाही. राग मात्र तसाच आहे आणि तो मी सोडणारही नाही. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सकाळी फळ्यावर मी काढला तो ढही तुमच्याच वळणाचा होता, बाई. माझा वर्ग आता तोच गिरवतोय.