तीन पॉइंट दहा

प्रिय पिल्ला,

सात आठवडे झाले. फोनकडे हात जातो आणि परत येतो, म्हणून हे पत्र. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, सांभाळून घे. आई रोज तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतो. तिला ते ठाऊक आहे. स्वयंपाकघरातला नळ मी एकदाचा दुरुस्त केला. आता तो दुसरीकडून गळतो.

त्या रविवारी, तुझं सांगून झाल्यावर, मी ताटातून मान वर न करता म्हणालो, ‘हे चालणार नाही.’ मग तुझं उठणं, आणि जिन्यावरून उतरणारी पावलं. तेव्हापासून आपल्या दोघांत एक शब्द नाही. मला ते रोज आठवतं.

ऑफिसची एक गोष्ट सांगतो. लोकांचा कोड वाचून चुका दाखवणारं ते माझं टूल, ज्याला तू ‘बाबांचं दुसरं बाळ’ असं नाव दिलं होतंस, त्यात मीच घातलेला एक नियम आहे. कोडच्या भाषेची अनोळखी आवृत्ती समोर आली की काम थांबवायचं, दार बंद. जे कळत नाही त्यात नाक खुपसू नये, असं माझं म्हणणं. चौदा वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आलो.

गेल्या महिन्यात त्या भाषेची, तीन पॉइंट नऊच्या पुढची, तीन पॉइंट दहा ही आवृत्ती आली, आणि टूल सगळ्यांना बजावू लागलं की तुमची आवृत्ती फार जुनी आहे, नवी घ्या! चूक माझीच. आवृत्तीचा आकडा मी साध्या दशांशासारखा वाचला होता. शेवटचं शून्य गळलं, आणि तीन पॉइंट दहाचं झालं तीन पॉइंट एक. नवं कोणी दारात उभं, आणि आम्ही जुन्याच नावाने हाक मारून वर त्यालाच सुनावतोय. इतक्या वर्षांचा अनुभव, आणि चूक पहिलीतल्या पोराची.

शून्य पाच मिनिटांत जागेवर आलं. मग माझा नियम आडवा आला. ओळख पटली, तरी प्रवेश नाही, कारण ती आवृत्ती नीट शिकायला आम्हाला तीन महिने तरी लागणार. टीममधली चष्मेवाली म्हणाली, ‘सर, थांबवता कशाला? अजून पूर्ण येत नाही असं सांगा आणि येतं तेवढं वाचा. न कळलेल्या ओळीला चूक म्हणू नका.’ दोन दिवस मी हेका सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तिने टूल तसं चालवूनच दाखवलं. हजार ओळींची फाईल, त्यात न कळलेल्या ओळी अकरा. बाकी सगळं तेच, माझ्या ओळखीचं. मला तिथेच रडू आलं. ती बिचारी घाबरली. म्हणाली, ‘सर, इतकं वाईट झालंय का?’

आता खरं सांगतो. हे पत्र मी चार वेळा फाडलं. दर वेळी पेन क्रियापदाच्या शेपटीशी अडलं. सव्वीस वर्षं ‘आलास, गेलास, जेवलास’ची सवय. म्हणून वरची सगळी वाक्यं मी पळवाटा काढत लिहिली. परत वाचून बघ, तुझ्यासाठी तसा ‘लास’ कुठेच सापडायचा नाही. त्या रविवारी तुझं मागणं एवढंच होतं, ‘बाबा, मी मुलगी आहे, तसं बोल माझ्याशी.’ आई दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली. चुकते, जीभ चावते, पुढे जाते. मला अजून सगळं कळलेलं नाही. मीही चुकेन, तेव्हा खुशाल कान धर. पण तुलाच चूक ठरवलं, ते माझं चुकलं, पोरी. तू किती धीराने बोललीस, आणि मी ताटात बघत बसलो. कशी आहेस गं? जेवलीस का? घरी कधी येतेस?

तुझाच,
बाबा